दिवसा न्यायाधीश, रात्री रहस्यकथाकार

आमच्या लहानपणी घरात दोन प्रकारची पुस्तकं असायची. एक सगळ्यांसमोर वाचायची, आणि दुसरी भूगोलाच्या पुस्तकात घालून वाचायची. बाबूराव अर्नाळकर अर्थातच दुसऱ्या प्रकारात! झुंजार आणि काळा पहाड यांनी आमच्या किती दुपारी खाल्ल्या, त्याचा हिशेब नाही. पुढे कॉलेजात सुहास शिरवळकरांचे दारा बुलंद आणि फिरोज इराणी आले, भालबा केळकरांच्या मराठीतून शेरलॉक होम्स भेटला आणि मग ख्रिस्तीबाईंचं व्यसनच लागलं. लग्न होऊन जर्मनीत आले, तेव्हा विमानाच्या वीस किलोंत लोणच्याची बरणी, कुकर आणि अगाथा ख्रिस्तीची सहा पुस्तकं एवढं नक्की होतं. बाकी काय आणलं ते आठवत नाही.

इथे आल्यावर कळलं की या बाबतीत जर्मन माणूस आपल्यापेक्षा काही कमी नाही. रविवारी रात्री सव्वाआठला शेजारच्या फ्राउला फोन करायचा नाही, कारण तेव्हा 'टाटोर्ट' चालू असतं. १९७० साली सुरू झालेली ही मालिका लोक अजून देवपूजेसारखी बघतात. पुस्तकांच्या दुकानात 'क्रिमी'ची कपाटंच्या कपाटं. पण त्यांतली बरीच पुस्तकं इंग्रजीतून किंवा स्वीडिशमधून आलेली दिसायची. मग मी मनाशी ठरवून टाकलं की तत्त्वज्ञान, संगीत आणि मोटारी जर्मनांच्या, रहस्यकथा मात्र इंग्रजांची.

हा गैरसमज दूर केला आमच्या लेकीच्या शाळेने. नववीत असताना तिला जर्मनच्या तासाला रेक्लामचं ते पिवळं, तळहाताएवढं पुस्तक लावलं होतं. नाव, 'दास फ्रॉयलाइन फॉन स्क्युदेरी'. लेकीने दोन पानं वाचून नाक मुरडलं, एवढी लांबलचक वाक्यं कोण वाचणार म्हणून. मी सहज हातात घेतलं, शब्दकोश शेजारी ठेवला, आणि रात्री दीड वाजता खाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पोळ्या करपल्या.

गोष्ट घडते १६८० सालच्या पॅरिसमध्ये, चौदाव्या लुईच्या राज्यात. शहरात रात्री-अपरात्री माणसं मरताहेत. प्रत्येकाच्या काळजात एकच वार, आणि प्रत्येकाकडचा दागिना नाहीसा झालेला. बहुतेक सगळे जण प्रेयसीला भेटायला निघालेले. पोलिसांनी चोराला अगदी गाठलं, की तो भिंतीत विरघळल्यासारखा गायब होतो! अशा दिवसांत एका मध्यरात्री त्र्याहत्तर वर्षांच्या कवयित्री स्क्युदेरीबाईंच्या दारावर धडका बसतात. एक घाबरलेला तरुण आत घुसतो, मोलकरणीच्या हातात एक पेटी कोंबतो आणि पळून जातो. पेटीत अप्रतिम दागिने, आणि सोबत त्या खुनी टोळीचं आभाराचं पत्र! पुढे एका प्रसिद्ध सोनाराचा खून होतो, त्याचा तरुण कारागीर पकडला जातो, सगळे पुरावे त्याच्याविरुद्ध आणि तो तोंड उघडायला तयार नाही. त्याच्या निरपराधीपणावर विश्वास ठेवतात फक्त दोघी. एक सोनाराची मुलगी आणि दुसरी ही म्हातारी. खुनी कोण ते मी सांगणार नाही. तेवढं पाप माझ्या हातून व्हायचं नाही.

मग पुस्तकाच्या मागचं साल पाहिलं. १८१९! ज्या एडगर ॲलन पो याला रहस्यकथेचा जनक म्हणतात, त्याची रू मॉर्गमधल्या खुनांची कथा १८४१ची, म्हणजे बावीस वर्षांनंतरची. होम्स १८८७चा. आणि विणकाम करता करता खुनी पकडणाऱ्या आपल्या मिस मार्पलबाई तर १९२७ साली प्रथम अवतरल्या. म्हणजे पॅरिस, रात्रीचे खून, निरपराध आरोपी आणि गुंता सोडवणारी वयस्क अविवाहित बाई, हे सगळं एका जर्मन माणसाने शंभर वर्षं आधीच मांडून ठेवलं होतं. तर्काची साखळी जोडत जाणारा होम्ससारखा गुप्तहेर यात नाही, म्हणून काही अभ्यासक हिला पहिली रहस्यकथा म्हणायला तयार नसतात. त्यांचं म्हणणं चूक नाही. स्क्युदेरीबाई पायाचे ठसे मोजत नाहीत, त्या माणसं ऐकून घेतात. पण जर्मन रहस्यकथेची सुरुवात इथून मोजायची, यावर बऱ्याच जणांचं एकमत आहे.

हा माणूस होता तरी कोण? ई. टी. ए. हॉफमन. नाव ऐकलं नसेल असं वाटलं, तरी तुमची त्याची ओळख आहेच. नाताळात मुलांना घेऊन आपण 'नटक्रॅकर' बॅले बघायला जातो ना, ती मूळ गोष्ट त्याची, १८१६ सालची. चायकोव्हस्कीचं संगीत नंतरचं, १८९२चं.

हॉफमनचा जन्म २४ जानेवारी १७७६चा, क्योनिग्सबर्गचा. कांटचं हे गाव तेव्हा प्रशियात होतं, आज ते रशियातलं कालिनिनग्राड आहे. वडील वकील, आई त्यांची मामे-चुलत नात्यातलीच. दोघांचं पटलं नाही. हॉफमन दोन-अडीच वर्षांचा असतानाच ते वेगळे झाले. थोरला भाऊ वडिलांकडे गेला, आणि हा आईबरोबर आजोळी. घरात शिस्तीचे ओट्टोमामा, मावशा आणि सतत आजारी, खिन्न आई. या एकट्या मुलाला दोन आधार मिळाले. एक पियानो आणि दुसरा हिप्पेल नावाचा मित्र, जो शेवटपर्यंत टिकला.

घराणं वकिलांचं, त्यामुळे कायदा शिकणं ओघानेच आलं. आपल्याकडच्या कितीतरी घरांत मुलगा गातो चांगला, पण आधी इंजिनिअर हो म्हणतात, तसंच ते. हॉफमनने परीक्षा उत्तम दिल्या आणि सरकारी न्यायखात्यात लागला. पण मन संगीतात. पुढे मोझार्टच्या प्रेमापोटी त्याने स्वतःच्या नावातलं विल्हेल्म काढून आमाडेउस घातलं. ई. टी. ए. मधला 'ए' तो हाच.

१८०० साली पोझन इथे नेमणूक झाली. हे आजच्या पोलंडमधलं पोझनान. चित्रकलेचा हात चांगला आणि जीभ तिखट, मग काय विचारता! १८०२च्या कार्निव्हलमध्ये गावातल्या बड्या अधिकाऱ्यांची व्यंगचित्रं हातोहात वाटली गेली. चित्रं कोणाची हे ओळखायला होम्सची गरज नव्हती. बढती राहिली बाजूला, प्लॉक नावाच्या आडगावी बदली झाली. जाताना एक चांगली गोष्ट मात्र घडली. त्याच वर्षी मिशलिना या पोलिश मुलीशी लग्न झालं. तो तिला मिशा म्हणायचा. या बाईने पुढची वीस वर्षं त्याचं सगळं निभावलं.

१८०४ साली वॉर्सामध्ये बदली झाली आणि दिवस पालटले. हिट्झिगसारखा मित्र मिळाला, संगीत मंडळ निघालं, हॉफमन तिथे वाद्यवृंद चालवू लागला. लेक झाली, तिचं नाव संगीताची संत सेसिलिया हिच्यावरून ठेवलं. आणि १८०६ साली नेपोलियन आला. प्रशियाचं राज्यच तिथून उठलं, तिथे न्यायाधीश कसला राहतोय! नव्या सत्तेशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घ्यायला हॉफमनने नकार दिला आणि १८०७ साली वॉर्सा सोडलं. त्याच वर्षी दोन वर्षांची सेसिलिया गेली. बर्लिनमध्ये काम नाही, पैसा नाही. पाच दिवस नुसत्या पावावर काढल्याचं त्याने हिप्पेलला कळवलं होतं. व्हिसा गेला, नोकरी गेली, आता पुढे काय, हा प्रश्न आपल्यातल्या काहींनी परक्या देशात अनुभवलेला आहे. त्यांना हे दिवस वेगळे समजावून सांगायला नकोत.

१८०८ साली बवेरियातल्या बांबेर्गच्या नाट्यगृहात संगीत दिग्दर्शकाची जागा मिळाली. पहिल्याच खेळात फजिती झाली आणि वाद्यवृंदाची काठी हातातून गेली. मग तो देखावे रंगवू लागला, नाटकांना संगीत देऊ लागला आणि श्रीमंतांच्या मुलींना गाणं शिकवू लागला. युलिया मार्क या कोवळ्या विद्यार्थिनीवर त्याचा जीव जडला. आईने तिचं लग्न हँबुर्गच्या एका व्यापाऱ्याशी लावून दिलं, आणि हॉफमन आयुष्यभर तिला गोष्टींतून लिहीत राहिला. १८१२ साली तर जेवायला मिळावं म्हणून त्याने जुना कोट विकल्याची नोंद रोजनिशीत आहे.

दोन वर्षांपूर्वी आम्ही बांबेर्गला गेलो होतो. शिलर चौकात त्याचं अरुंद, उभट घर अजून आहे. आता तिथे संग्रहालय केलंय. माळ्यावर त्याची लिहायची खोली, आणि तिच्या जमिनीत एक झरोका. वर बसून खाली मिशाशी बोलता यावं म्हणून! आमच्या यांना ती सोय फार आवडली. चौकात त्याचा पुतळा आहे, खांद्यावर मांजर घेतलेला. त्या मांजराकडे पुढे वळूच.

याच हलाखीच्या दिवसांत लेखक जन्माला आला. १८०९ साली पहिली कथा छापून आली, १८१० साली बेथोव्हनच्या पाचव्या सिंफनीवर त्याने लिहिलेला लेख संगीतवाले आजही वाचतात. मग १८१३ साली तो ड्रेस्डेनला एका ऑपेरा कंपनीत गेला, तर तिथे पुन्हा नेपोलियनची लढाई! १८१४ साली पहिलं पुस्तक निघालं आणि नाव झालं. प्रकाशक होता बांबेर्गचा एक वाइनचा व्यापारी. त्याच वर्षी नेपोलियन हरला, हॉफमन बर्लिनला परतला आणि हिप्पेलच्या खटपटीने पुन्हा न्यायखात्यात लागला. १८१६ साली तो तिथल्या वरिष्ठ न्यायालयाचा न्यायाधीश झाला. त्याच वर्षी त्याचा 'उंडीने' हा ऑपेरा गाजला. पुढच्या उन्हाळ्यात ते नाट्यगृहच जळून खाक झालं. हॉफमनचं घर समोरच होतं. नटांचे केसांचे टोप पेटून आकाशात उडताना त्याने खिडकीतून पाहिले.

आता त्याचं दुहेरी आयुष्य सुरू झालं. दिवसा न्यायालयात निकालपत्रं, तीही अशी नेटकी की वरिष्ठांनी वाखाणावीत. संध्याकाळी लुटर आणि वेगनर यांच्या दारूच्या गुत्त्यात नट डेव्हरिएंटबरोबर मैफल. आणि रात्री लेखन. भुताखेतांच्या, चालत्या-बोलत्या बाहुल्यांच्या गोष्टी. लोक त्याला भुतांचा हॉफमनच म्हणायचे. कधी कधी लिहिताना स्वतःच इतका घाबरायचा, की मिशाला उठवायचा. ती बिचारी विणकाम घेऊन शेजारी बसून राहायची, असं हिट्झिगने लिहून ठेवलंय. घरी मुर नावाचं मांजर होतं. त्या मांजराने लिहिलेलं आत्मचरित्र, अशी एक कादंबरीच हॉफमनने लिहिली. त्यात मुरने टिपकागद म्हणून एका संगीतकाराच्या चरित्राची पानं फाडून वापरली, आणि छापखान्याने चुकून दोन्ही एकत्र छापली! १८२१ साली खरा मुर मेला, तेव्हा हॉफमनने मित्रांना रीतसर निधनाची पत्रं पाठवली.

'स्क्युदेरी' लिहिली गेली ती या काळात, १८१८ साली. पुढच्या वर्षी फ्रँकफुर्टच्या विल्मान्स या प्रकाशकाच्या वार्षिकात ती आली, आपल्या दिवाळी अंकाचीच बहीण म्हणा ना. तेव्हाच्या जर्मनीत अशी छोटी वार्षिकं निघत आणि घरोघरी वाचली जात. गोष्ट इतकी गाजली की विल्मान्सने मानधनावर खूश होऊन वाइनची पेटीही धाडली.

त्याच वर्षी न्यायालयात हॉफमनपुढे एक खरा खून होता. १८१७ साली बर्लिनच्या हाझेनहायडे भागात श्मोलिंग नावाच्या तंबाखू कामगाराने आपल्याच प्रेयसीला भोसकलं. कारण काही सापडेना. कारण नाही म्हणजे वेड लागलं असणार, असं डॉक्टर म्हणाले. हॉफमनने सविस्तर मत लिहिलं, की कारण आपल्याला सापडलं नाही एवढ्यावरून माणूस वेडा ठरत नाही, त्याला वेगळा पुरावा हवा. आज आपल्याला हे मत कठोर वाटेल, आणि शेवटी राजाने मृत्युदंड कमी करून तुरुंगवास दिला. पण मुद्दा लक्षात घ्या. भुतांच्या गोष्टी लिहिणारा हा माणूस खुर्चीवर बसला की पुराव्यापलीकडे एक पाऊल टाकत नसे.

हाच स्वभाव पुढे त्याला नडला. मार्च १८१९ मध्ये मानहाइमला झांड नावाच्या विद्यार्थ्याने कोट्सेबू या नाटककाराचा खून केला. राज्यकर्ते हादरले. कार्ल्सबाडचे हुकूम निघाले, विद्यापीठांवर पहारे आले, छापील अक्षर तपासलं जाऊ लागलं. देशद्रोही शोधायला बर्लिनमध्ये चौकशी आयोग नेमला आणि त्यावर एक सदस्य म्हणून नेमणूक कोणाची? हॉफमनची.

आपली मुलं ज्या टुर्नफराइनमध्ये जिम्नॅस्टिक्सला जातात, त्या चळवळीचा जनक फ्रीड्रिष लुडविग यान याला तेव्हा अटक झाली होती. हॉफमनला यानच्या विचारांचं काडीचंही कौतुक नव्हतं. तरी त्याने कागद तपासले आणि मत दिलं, की या माणसाने काय विचार केला हा गुन्हा नव्हे, काय केलं ते दाखवा, नाहीतर सोडा. पोलिसखात्याचे सूत्रधार फॉन कांप्ट्स यांनी आधीच वर्तमानपत्रातून यानला दोषी ठरवलं होतं. यानने त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला, आणि हॉफमनने तो इतर कोणत्याही दाव्यासारखा चालवायला घेतला! मंत्री खवळले, वरून हुकूम आला आणि दावा बंद पडला. यानची सुटका म्हणाल तर कोलबेर्गच्या किल्ल्यात नजरकैद. तो पुरता निर्दोष ठरला १८२५ साली.

मला राहून राहून वाटतं ते हे. 'स्क्युदेरी'मध्ये खुनी जितका भयंकर आहे, तितकंच भयंकर आहे ते खास न्यायालय आणि त्याचा प्रमुख ला रेन्यी. त्याला प्रत्येक माणूस गुन्हेगार दिसतो, आणि लोक खुन्याइतकेच त्याला घाबरतात. हे हॉफमनने लिहिलं १८१८ साली. वर्षभरात तसंच न्यायालय त्याच्या शहरात उभं राहिलं, आणि त्याला आत बसावं लागलं.

त्याने पोझनमध्ये केलं होतं तेच पुन्हा केलं. या वेळी चित्राऐवजी गोष्ट लिहिली, 'माइस्टर फ्लो', म्हणजे पिसू महाराज. त्यात क्नारपांटी नावाचा एक अधिकारी आहे. त्याचं तत्त्वज्ञान असं, की आधी गुन्हेगार धरावा, गुन्हा मग आपोआप सापडतो. तो एका निरुपद्रवी माणसाची रोजनिशी जप्त करतो. आळसाने मेलो अशा अर्थाचा एक शब्द त्यात असतो. त्यातला खून एवढाच भाग तो अधोरेखित करतो आणि पुरावा म्हणून नाचवतो. गंमत म्हणजे, असा शब्द एका खऱ्या विद्यार्थ्याच्या रोजनिशीत खरोखरच अधोरेखित झाला होता. हॉफमनने तो फायलीत पाहिला होता.

तोंड बंद ठेवता आलं असतं तर तो हॉफमन कसला! गुत्त्यात बसून त्याने ही गंमत मित्रांना सांगितली आणि ती कांप्ट्स यांच्या कानावर गेली. जानेवारी १८२२ मध्ये फ्रँकफुर्टला त्याच विल्मान्सकडून हस्तलिखित आणि छापलेली पानं जप्त झाली. तेवढे दोन उतारे गाळा, असं घाईघाईने विल्मान्सला लिहिलेलं हॉफमनचं पत्रही सापडलं, आणि तेच त्याच्याविरुद्धचा पुरावा झालं. न्यायालयाची गुपितं फोडल्याचा ठपका आला. दूर कुठेतरी पुन्हा बदली करायची भाषा सुरू झाली.

पण आता बदली करायला माणूस उरला नव्हता. त्याच महिन्यात पाय लुळे पडले, मग हात. फेब्रुवारीत त्याने अंथरुणावरूनच आपला बचाव तोंडी सांगून लिहवून घेतला. डॉक्टरांनी पाठीच्या कण्यावर तापलेल्या लोखंडाच्या डागण्या दिल्या. त्यानंतर भेटायला आलेल्या हिट्झिगला त्याने विचारलं म्हणे, की खोलीत भाजलेल्या मांसाचा वास येतोय का.

आणि याच अवस्थेत त्याने सांगून लिहवलेली एक शेवटची गोष्ट मला फार आवडते. तिचं नाव 'कोपऱ्यावरची खिडकी' असं मराठीत होईल. एक लुळा पडलेला लेखक खिडकीत बसलाय. खाली बर्लिनच्या जांडारमेनमार्क्ट चौकात बाजार भरलाय. भेटायला आलेल्या भावाच्या हातात तो दुर्बीण देतो आणि बघायचं कसं ते शिकवतो. कोणाची टोपली, कोणाची शाल, कोण कसं चालतं, कोण भाव करताना कुठे बघतं, यावरून तो एकेका माणसाचं आयुष्य रचत जातो. कधी एकाच माणसाच्या दोन वेगवेगळ्या कहाण्या सांगतो आणि दोन्ही पटतात! होम्स जन्माला यायला अजून पासष्ट वर्षं होती. फरक एवढाच, की होम्सला नेहमी खात्री असते. हॉफमनला माहीत होतं की नजर कितीही तीक्ष्ण असली तरी अंदाज तो अंदाज. म्हणून तर तो न्यायाधीश चांगला होता.

२५ जून १८२२ रोजी तो गेला. वय शेहेचाळीस. चौकशीचा निकाल लागायच्या आधीच. मागे उरलं कर्ज आणि मिशा. 'माइस्टर फ्लो' त्या वसंतात कापाकापी होऊन निघालं होतं. गाळलेला भाग सरकारी कागदांत पडून होता. तो एका अभ्यासकाला सापडला आणि पूर्ण पुस्तक १९०८ साली छापलं गेलं.

गेल्या वर्षी बर्लिनला जायचा योग आला. लेक आता तिथे शिकते. क्रॉइत्सबेर्गमध्ये मेरिंगडामच्या दफनभूमीत त्याची कबर आहे. मित्रांनी बसवलेला साधा दगड. त्यावर आमाडेउसचा 'ए' नाही, जन्मनावाचा 'डब्ल्यू' आहे. लिहिलंय की हा माणूस आपल्या पदावर, तसाच कवी, संगीतकार आणि चित्रकार म्हणून श्रेष्ठ होता. पद पहिलं! आधी मला ते जरा विचित्र वाटलं. मग वाटलं, चौकशी चालू असताना मेलेल्या न्यायाधीशाच्या दगडावर मित्रांनी मुद्दामच ते पहिलं लिहिलं असेल.

नववीत नाक मुरडणाऱ्या लेकीने तेवढ्यात पिशवीतून तेच पिवळं पुस्तक काढलं. समासात माझ्या मराठीतल्या पेन्सिलीच्या खुणा तशाच होत्या. खुनी कोण ते मी तेविसाव्या पानावर ओळखलं होतं, असं मी तिला वर्षानुवर्षं सांगत आले होते. तिने पान उघडून दाखवलं. तिथे मी दुसऱ्याच माणसाचं नाव लिहून ठेवलं होतं, आणि खाली दोन रेघा मारल्या होत्या.

या दिवाळीत फराळ झाला की मिळवा कुठूनतरी ते पुस्तक. आणि पोळ्या तव्यावर असताना वाचायला घेऊ नका.